घड्याळात गेलेला माझा सेल

मित्रांनो, मी एक जुने रक्तदाब मोजणारे यंत्र आहे. माझा पट्टा कडेला उसवला आहे, काचेवर ओरखडा आहे, पण आकडा मी अजूनही खराच दाखवते.

कारखान्यात माझ्या पट्ट्यात ठरावीक दाबाची हवा भरून मला पुन्हा पुन्हा तपासले. "हे खोटं बोलणार नाही," असे म्हणून तपासणाऱ्या बाईंनी मला खोक्यात ठेवले. त्या शब्दांचा मला फार अभिमान वाटे.

ज्यांनी मला घरी आणले ते बाबा किल्ल्या बनवत. रोज गोळी घ्या आणि रोज दाब बघा, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. आकडा ठीक आला की ते "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणत मला थोपटत.

त्याच टेबलावर त्यांची मुलगी संगणक घेऊन बसे. कोणत्या वनस्पतीतला रेणू रक्तदाबावर चालेल, हे ती पडद्यावर मांडून बघत असे.

"दिवसभर ते रंगीत गुंतवळ काय फिरवत बसतेस गं?" बाबांनी एकदा विचारले.

"हे शरीरातलं कुलूप समजा, बाबा. यात किल्ली फिरली की रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. या भोकात रुतून बसेल अशी काडी मी झाडपाल्यात शोधतेय. मग किल्ली आत जाणारच नाही."

बाबा खो खो हसले. "लोकांनी कुलपात मोडलेल्या काड्या काढण्यात माझा जन्म गेला, आणि माझी लेक काड्या घालायचं शिक्षण घेतेय!"

पुढे एके दिवशी ती टुणकन उठली. घराच्या कुंपणावर जी वेल होती, तिच्यातलाच एक रेणू त्या भोकात सगळ्यांत घट्ट बसला होता. "बाबा, बघा तरी! जरासुद्धा फट नाही!"

बाबांनी चष्मा लावून निरखून पाहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी फटच तर पारखली होती. त्यांना दुसरा पुरावा नको होता.

गोळीने त्यांना कोरडा खोकला येई. त्यांनी गुपचूप गोळी सोडली आणि वेलीचा पाला उकळून प्यायला सुरुवात केली. आईला वाटले, गोळीच्या जोडीला पीत असतील. खोकला थांबला. "आता याचं काय काम?" म्हणत बाबांनी मला खणात टाकले. पुढे भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, तेव्हा माझा एक सेल त्यात गेला.

मित्रांनो, वाढलेला दाब दुखत नाही. तो फक्त मला दिसतो, आणि मी खणात होते.

एका दुपारी बाबा दुकानातून लवकर आले. "डोकं फार जड झालंय," म्हणाले. आईने धावत येऊन मला बाहेर काढले, पट्टा बांधला, बटण दाबले. मी मुकेच.

"अहो, याचा सेल कुठंय?"

भिंतीवर घड्याळ टकटक करत होते. आईने स्टुलावर चढून सेल काढला आणि माझ्यात बसवला. मी दाखवलेला आकडा वाचून ती झटकन बाबांकडे वळली. तोवर बाबांचे तोंड वाकडे झाले होते आणि उजवा हात मांडीवरून खाली घसरला होता.

दवाखान्यातून बाबा परत आले. तो हात मात्र परत आला नाही.

मुलीने नंतर तो रेणू प्रयोगशाळेत तपासला. पोटात असते तशा आम्लात त्याचे तुकडे झाले. "माझ्या संगणकात पोटच नव्हतं, बाबा," ती रडत म्हणाली. "मी हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाबांची जीभ जड झाली होती. त्यांनी डाव्या हाताने तिचे डोके कुरवाळले. "काडी... चांगली होती गं. दारापर्यंत... पोचलीच नाही."

मित्रांनो, संगणकाने खोटे सांगितले नव्हते. त्याने अर्धेच सांगितले होते, आणि बाकीचे अर्धे अजून शोधायचे होते. गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण ती आपल्या मनाने सोडू नका. तुमच्या घरच्या खणात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर आजच त्याला बाहेर काढा.

आता रोज सकाळी मुलगीच बाबांना पट्टा बांधते. बोलण्याचा सराव म्हणून ती त्यांना माझा आकडा वाचायला लावते. 'एकशे' म्हणतानाच ते अडखळतात, थांबतात, पुन्हा सुरू करतात. ती घाई करत नाही. मीही तो आकडा, मला जमेल तितका वेळ, पुसू देत नाही.