प्रेमराज पौषधाला बसला तो दिवस

माझे दोन्ही भाऊ विमानवाले. हसू नका. बाप जळगावच्या बाजारात लुगडी विकत होता, आणि त्याच्या पोरांनी विमानं उडवली. थोरला ज्ञानचंद, त्याची 'तापी एअर' आणि जळगावात एक हॉटेल. धाकटा प्रेमराज, त्याची 'गिरणा एअर'. मी दोघांची अक्का, धनकुंवर, धुळ्याला देवपुरात दिलेली. विमानातलं मला काय कळतं? पण दुकानदारी कळते. म्हणून सांगते, त्या दोघांनी विमानं चालवलीच नाहीत. समोरासमोर दुकानं चालवली.

आधी एकच कंपनी होती, दोघांची मिळून. मग सही कुणाची चालणार यावरून बिनसलं आणि प्रेमराजने वेगळी चूल मांडली. बरं, मांडली ती मांडली, दुसऱ्या गावाला उडावं की नाही? नाही! यानेही विमान सोडलं मुंबईलाच, ज्ञानचंदच्या जरा आधी. ज्ञानचंदने भाव पाडला. प्रेमराजने त्याहून पाडला. एकाने प्रवाशांना ढोकळा दिला, तर दुसऱ्याने कचोरी. शेवटी मुंबईचं तिकीट सुती साडीपेक्षा स्वस्त झालं. वरणगावच्या फॅक्टरीतले लोक सासुरवाडीला विमानाने जायला लागले. गाव खूश होतं, आणि माझ्या भावांच्या घरातले दागिने सोनाराकडे जात होते.

मी ज्ञानचंदला म्हटलं, "अरे बाबा, तुझ्या विमानात काय पाणी घालतोस का? परवडतं कसं?"

"परवडत नाही, अक्का. पण जो आधी थांबेल तो मेला. उरेल त्याने मग हवा तो भाव लावावा."

प्रेमराजला विचारलं, तर त्यानेही शब्दशः हेच सांगितलं. एका आईची लेकरं, काय बोलणार! राखीला एक सकाळी यायचा, दुसरा संध्याकाळी. दारात गाडी दिसली तर दुसरा चौकातूनच परत फिरायचा.

मला त्यांच्या कंपन्यांचं काही पडलं नव्हतं. कोण बुडतो, कोण तरतो, बघून घ्या म्हणावं. मला फक्त दोघांना एकत्र जेवताना पाहायचं होतं. सत्तरी ओलांडलेली बाई मी, डोळे मिटायच्या आत एवढं एकच मागत होते. त्यासाठी मी संवत्सरीचा दिवस धरला.

पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे आमची संवत्सरी. दिवसभर उपास, संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची कबुली, आणि मग लहानथोर सगळ्यांपुढे हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं. जाणता-अजाणता दुखवलं असेल तर माफ कर. ज्याची श्रद्धा मोठी, तो पौषध करतो. म्हणजे एक दिवस-रात्र स्थानकात, आमच्या धर्मस्थानात, साधूसारखं राहायचं. दिवा नाही, पंखा नाही, पैशाला शिवायचं नाही. मोबाइल तर घरीच ठेवायचा.

मी दोघांना फोन केला. "या वर्षी शेजारी शेजारी पौषधाला बसायचं. अक्काचा हुकूम आहे."

प्रेमराज एका दमात हो म्हणाला. ज्ञानचंदने उलट विचारलं, "प्रेम बसतोय का?"

"बसतोय."

"बसू दे. मला दिवसभर जमणार नाही, अक्का. संध्याकाळी प्रतिक्रमणाला येतो."

एवढं म्हणाला हेच खूप, असं वाटून मी त्याच रात्री बॅग भरली आणि जळगावला गेले.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपलं. स्थानकाच्या अंगणात प्रेमराज पांढऱ्या चादरीत उभा होता, उपासाने तोंड सुकलेलं. ज्ञानचंद गर्दीतून सरळ त्याच्याकडे गेला आणि थोरला असून धाकट्यापुढे वाकला. "मिच्छामि दुक्कडम्, प्रेम." प्रेमराजने हात जोडले, आणि तो लहान पोरासारखा रडला. मीही रडले. अख्खं स्थानक बघत होतं. मला वाटलं, जिंकले मी!

सकाळी पौषध सुटलं तसा मी प्रेमराजचा हात धरला आणि त्याला स्वतःच्या घरीही जाऊ न देता पारण्याला ज्ञानचंदकडे नेलं. ज्ञानचंदने आपल्या हाताने त्याला मुगाचं पाणी पाजलं. मी समोर बसून बघत होते. पोट तिथेच भरलं माझं.

तेवढ्यात अर्हम धावत आला. प्रेमराजचा मुलगा, तेव्हा बापाच्याच कंपनीत होता. "पप्पा, सकाळचं विमान उभंच आहे. दोन्ही कॅप्टननी काल दुपारी राजीनामे पाठवले. काकांच्या हॉटेलात उतरलेत. मी काल दोनदा स्थानकाच्या दारापर्यंत आलो. तुम्ही पौषधात. आत येऊन धंद्याचं कसं बोलणार?"

प्रेमराजने तोंड पुसलं. "ज्ञानभाऊ, कालच का?"

ज्ञानचंदने चमचा खाली ठेवला. "एरवी तू त्यांना सोडलं असतंस? पगार वाढवून थांबवलं असतंस. मला एक दिवस हवा होता, तुझा फोन बंद असलेला. धंदा आहे, प्रेम."

"आणि संध्याकाळी हात जोडलेस ते?"

"ते मनापासून जोडले."

आणि सांगू का, तो खोटं बोलत नव्हता. याचीच मला आजही चीड येते. मी समोरची वाटी उचलली आणि भिंतीवर मारली. "अरे मेल्या, देवाच्या दिवशी डाका घातलास, तोही माझ्या हाताने!" ज्ञानचंद भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. प्रेमराज चपला घालून निघून गेला. एक वाकडा शब्द बोलला नाही. बोलायला हवं होतं.

नवे वैमानिक काय भाजीबाजारात मिळतात? गिरणाची उड्डाणं रद्द होत गेली, लोक तिकिटाचे पैसे परत मागू लागले, आणि भाड्याने आणलेली विमानं मालकाने परत नेली. कंपनी दिवाळखोरीत निघाली. बँकेने प्रेमराजचं घर घेतलं. त्याच आठवड्यात त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बायको आधीच देवाघरी गेलेली. अर्हमने बंगळुरूला नोकरी धरली. मी प्रेमराजला देवपुरात माझ्याकडे आणलं.

ज्ञानचंद मात्र उरला होता. त्याने हवा तो भाव लावला. लोक परत रेल्वेत जाऊन बसले. मग दिल्लीची एक मोठी कंपनी मोठं विमान घेऊन जळगावात उतरली आणि तिने तिकीट साडीपेक्षाही खाली आणलं. ज्ञानचंदचाच डाव, फक्त त्यांच्या तिजोरीला तळ नव्हता. होळीच्या आत तापी एअरच्या काउंटरला कुलूप लागलं. कर्मचाऱ्यांनी हॉटेलपुढे बसून पगारासाठी बोंबा मारल्या. मला आनंद झाला का? झाला. एक दिवस झाला, मग तोही विटला.

पुन्हा संवत्सरी आली. प्रेमराजची खाट खिडकीपाशी आहे. गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ पोरं लहान विमानं उडवतात, ती आमच्या डोक्यावरून जातात. आवाज आला की तो तोंड भिंतीकडे करतो. पण संवत्सरीला त्याने सगळं निभावलं. मी त्याच्यापुढे हात जोडले, त्याने डावा हात कपाळाला लावला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या यशोदाबाईपुढे लावला, दूधवाल्यापुढेसुद्धा लावला. एका हाताने जेवढी क्षमा करता येते तेवढी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या पारण्याचं मुगाचं पाणी गाळत होते, तर यशोदाबाई आली. "अक्का, दारमा तुमना भाऊ उभा शे, जळगाववाला. मझार बलाऊ का?"

माझा हात थांबला. मनात म्हटलं, आत ये बाबा. काहीही केलं असलंस तरी ये. मी फळीवरून दुसरी वाटी काढली आणि तिच्यातही पाणी ओतलं.

ज्ञानचंद एसटीने आला होता. शर्टाची कॉलर विरलेली, गालफडं बसलेली. खाटेजवळ गेला, वाकला, हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, प्रेम."

प्रेमराजला हात जोडता येत नाहीत, हे ज्ञानचंदच्या मग लक्षात आलं. त्याने प्रेमराजचा लुळा उजवा हात उचलला आणि डाव्याला जुळवायला पुढे नेला. प्रेमराजने डावा हात मागे घेतला. हळूच चादरीखाली नेला आणि तिथेच ठेवला.

ज्ञानचंद तो लुळा हात धरून उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. "अक्का, तू सांग ना त्याला. तुझं ऐकतो तो."

"गेल्या वर्षी ऐकलं होतं त्याने माझं," मी म्हटलं. "आता नाही सांगणार."

त्याने हात खाली ठेवला. चादर नीट केली. जिना उतरताना एकदा थांबला, मी हाक मारीन म्हणून असेल. मी प्रेमराजला चमच्याने पाणी पाजत राहिले. एसटी स्टँडकडे जाणारी रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा यशोदाबाईला म्हटलं, ती दुसरी वाटी परत पातेल्यात ओत.