तोंड फिरवलं की कान दिला?

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. आता तुटक्या हँगरांच्या खोक्यात पडलो आहे. पण दोन हजार चार साली जुन्या जालन्यातल्या एका साडीच्या दुकानात मला हार घालून भिंतीवर चढवलं, तेव्हा गिऱ्हाइकं साड्या सोडून मलाच बघत होती. 'चोर पकडतो म्हणे!' असं म्हणत बायका पदर सावरायच्या. मी नुसता फुगलो होतो.

चोर काही सापडला नाही. मग अप्पाराव मालकांना वेगळाच चाळा लागला. आत टीव्हीसमोर बसायचं आणि कोणाचं तोंड कुठे आहे ते पाहायचं. तोंड गिऱ्हाइकाकडे असेल तर नोकर चांगला, दुसरीकडे असेल तर कामचोर. माझ्यातून फक्त चित्र जायचं, आवाज जायचा नाही. त्याची त्यांना फिकीर नव्हती.

साड्या दाखवायला सत्यशीला होती. तिला डाव्या कानाने ऐकू येत नसे. कोणी बोललं की ती उजवा कान पुढे करी आणि तोंड आपसूक रस्त्याकडे वळे. एकदा मंठ्याच्या झुंबरबाई आल्या. तोंडात दात नाहीत, आवाज अगदी बारीक.

"जांभळी पाह्यजे, पण लई जांभळी न्हाई," त्या पुटपुटल्या.

सत्यशीला पार वळून बसली, नीट ऐकलं आणि ढिगातून नेमकी तीच साडी काढली. तोवर मालक टीव्हीसमोरून उठून बाहेर आले होते.

"गिऱ्हाईक समोर अन् तुझं तोंड रस्त्याकडं? कोण उभं राह्यतं तिथं तुझं?"

भर दुकानात हे विचारलं.

"मालक, मला या कानानं ऐकू येत न्हाई. मी त्यांचंच ऐकून राह्यल्ते."

"बहाणे नको सांगू. टीव्हीत बराबर दिसलं मला. मशीन खोटं बोलतं का? जाय घरी, उद्यापासून येऊ नको."

झुंबरबाई मध्ये काहीतरी म्हणाल्या. पण त्यांचा आवाज समजून घेणारी एकटीच होती, आणि ती चपला घालत होती.

पुढे गल्लीने तिच्या नावाला नको ते चिकटवलं. तिने तो रस्ताच सोडला. मला फार वाईट वाटलं, रागही आला. दुकानात मात्र सगळे नोकर गिऱ्हाइकाकडे टक लावून बसू लागले. हिरवी मागितली की पिवळी आणत. मालक टीव्ही बघून खूश!

मित्रांनो, माझी काच पुसा असं मी म्हणणार नाही. तोंड कुठे वळलं यावरून माणसाचं मन ठरवू नका, एवढंच मागतो. त्याला विचारा, आणि उत्तर नीट ऐका. मालकांचे तर दोन्ही कान धड होते.