मागं बघायचं नाही
दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागला, की संगमनेरची चार बाप्ये माणसं तीन दिवसांसाठी घरातून पसार व्हायची. गहिनीनाथ दूध संकलन केंद्रावरचा, आसाराम टेम्पोवाला, सत्यवान शाळामास्तर आणि अजिनाथ किराणा दुकानदार. मोबाईल बंद. दुधाची फॅट, टेम्पोची भाडी, तपासायच्या वह्या, घरातली कटकट, सगळं खाली आणि हे वर कुठल्यातरी गडावर. बावीस वर्षं एकदाही खाडा नाही. पंचेचाळिशी उलटली, पण डोंगर चढायला लागले की यांची अक्कल दहावीतलीच.

त्या अकलेतूनच एक नियम निघाला होता. अजिनाथ नेहमी शेवटी चालायचा आणि मधेच कुणाचं तरी नाव घेऊन ओरडायचा, "थांब रे!" जो फसून मागं बघेल, त्यानं पिठल्याचं पातेलं माथ्यापर्यंत वाहायचं. सुरुवातीला सगळे फसले. पुढं मान न वळवणं अंगवळणीच पडलं.

गेल्या वर्षी रतनगडच्या शिड्यांखाली अजिनाथ पाय घसरून घळीत पडला. कारवीतून लांब लांब पांगून चाललेले बाकीचे तिघं पहिल्या शिडीशी बराच वेळ खोळंबले आणि त्याला शिव्या घालत मागं आले, तेव्हा तो गार झाला होता. पोलिसांना तिघांनी एकच सांगितलं, हाकबिक काही ऐकली नाही.

दहाव्याला अजिनाथची बायको ज्योती गहिनीनाथला म्हणाली, "भाऊजी, पडल्या पडल्याच गेले आसतील ना? तळमळले न्हाईत ना?"

"न्हाई वहिनी. आवाजबी आला न्हाई."

तिला जरा धीर आला. गहिनीनाथची झोप मात्र त्या दिवशी उडाली ती उडालीच. कारण त्यानं हाक ऐकली होती. "गहिन्या, थांब रे." स्वच्छ, नाव घेऊन. आणि पातेलं नको म्हणून हा शहाणा गालातल्या गालात हसत पुढं चालत राहिला होता.

वर्षभर ती हाक त्याच्या मागं लागली. कॅन ओतताना, केंद्रावर रांग लागलेली असताना, भर बाजारात. यायची ती पाठीमागूनच. बायको म्हणाली, बाहेरचं दिसतंय, कुणाला तरी दाखवा.

यंदा जायचं का, हे कुणी विचारलंच नाही. नाही जायचं म्हटलं, तर का ते सांगावं लागलं असतं. गहिनीनाथनं ठरवलं होतं, घळीपाशी दोघांना खरं सांगून टाकायचं. सांगितलं की दोस्ती संपली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि या दोघांवाचून त्याला जिवाभावाचं होतं तरी कोण?

भर दुपारी त्याच रतनगडच्या कारवीच्या रानातून तिघं चढत होते. शेवटी कुणी चालायचं ते न ठरल्यामुळं एकमेकांना खेटून चालले होते. घळ आली. गहिनीनाथनं बोलायला तोंड उघडलं, आणि पाठीमागून हाक आलीच. "गहिन्या, थांब रे."

तो जागीच थांबला. बघतो तर आसाराम आणि सत्यवानही थांबलेले. मान कुणीच वळवली नव्हती.

"तुमालाबी आली?" त्यानं विचारलं.

आसाराम समोरच बघत बोलला. "आसाराम, थांब म्हनला. गेल्या सालीबी म्हनला हुता. मी ऐकलं हुतं रं! वाटलं, लबाडी करतोय." तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

"मलाही हाक मारली होती," सत्यवान म्हणाला. "माझं नाव घेऊन. रोज प्रार्थनेला डोळे मिटले की तेवढंच ऐकू येतं."

तीन नावं, तीन हाका. म्हणजे अजिनाथ पडल्या पडल्या गेला नव्हता. एकाला हाक मारली, त्याची वाट पाहिली, तो आला नाही म्हणून दुसऱ्याला मारली. गहिनीनाथला हे कळलं. तिघांनी एकदमच मान वळवली. मागं नुसती वाट होती.

गड राहिला. संध्याकाळी तिघं ज्योतीच्या दारात उभे होते.

"वहिनी, आमी खोटं बोललो," गहिनीनाथ म्हणाला, आणि तिघांनी आपापली हाक सांगितली. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी तिघं आला न्हाई," शेवटी ती म्हणाली. "मग त्यांनी मलाच हाक मारली आसंल. ती कुनी ऐकली का?"