इल्दो पाण्यात थांबला

पोहण्याच्या तलावाच्या मध्यावर इल्दो थांबला, तेव्हा मालसुनला आधी वाटलं, स्वारी रुसली.

"काय रे, भूक लागली का?" तिने काठावरून विचारलं. "एवढं संपव, मग किंबाप खायचंय."

छातीभर पाण्यात उभा राहून तो इकडेतिकडे पाहत होता. चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसासारखा.

मोक्पो शहराच्या बंदराजवळ मालसुनचं केस कापायचं दुकान होतं. गुरुवारी दुपारी ते बंद ठेवून ती पालिकेच्या तलावावर यायची आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची, बिनपगारी. इल्दो तिचा सगळ्यात जुना विद्यार्थी. डाउन सिंड्रोम असलेला, चाळिशी ओलांडलेला, गोलमटोल. रिले संघात शेवटी पोहायचा आणि जिंकला की पंचांनाही मिठी मारायचा.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा थांबला. निघताना पोहायची चड्डी पॅन्टवरून घालून आला. बाकीचे हसले, तोही हसला. मालसुनला मात्र हसू येईना. त्याची बहीण इन्सुक न्यायला आली, तेव्हा मालसुनने तिला बाजूला घेतलं.

"घरी कसा असतो गं हा?"

इन्सुक त्याच्या ओल्या टॉवेलची घडी घालत राहिली. "बूट फ्रिजमध्ये ठेवतो. आईला हाका मारतो. आई जाऊन किती वर्षं झाली, ताई... डॉक्टर म्हणाले, अशा माणसांना विसरायचा आजार लवकर गाठतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर पोहू दिलं असतं तुम्ही?"

मालसुनला ठाऊक होतं, नसतंच दिलं.

"शरदातल्या स्पर्धेपर्यंत राहू दे ना. त्याच्याकडे दुसरं आहे काय?"

मालसुनला नाही म्हणवेना.

स्पर्धेत पहिल्या तिघांनी चांगली आघाडी मिळवून दिली. इल्दोने सूर मारला आणि अर्ध्यापर्यंत पूर्वीसारखा सरळ, संथ पोहत गेला. मग थांबला. दमला असेल, असं समजून लोक टाळ्या वाजवत त्याला हाका मारू लागले. त्या गलक्याने तो बिथरला, पाण्यातल्या पट्ट्या आखणाऱ्या दोरीला हिसके देऊ लागला. नाकातोंडात पाणी गेलं. जीवरक्षक उठायच्या आत मालसुन कपड्यांनिशी पाण्यात होती. इल्दोने तिला ओरबाडलं, दूर ढकललं.

"आई, ही बाई कोण? आई!"

त्यानंतर तो तलावावर आला नाही. इन्सुकला मासळीच्या कारखान्यात दिवसभर उभं राहावं लागे. हिवाळ्यात तिने त्याला टेकडीपलीकडच्या अपंगांच्या एका निवासात ठेवलं. मालसुन भेटायला गेली, तेव्हा तिथली बाई म्हणाली, "जेवतो बरा. पण अंघोळ म्हटली की किंकाळ्या फोडतो. माणसं कमी पडतात आम्हाला."

"मी बघू का?"

तरुणपणी पहिल्यांदा तलावावर आला, तेव्हाही तो पाण्याला असाच घाबरायचा. एक अख्खा उन्हाळा नुसता पायऱ्यांवर बसून गेला होता. आता मालसुनने खोल टबात कोमट पाणी घेतलं, आपले पाय त्यात सोडले आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगत बसली. काही गुरुवार गेले. एकदा इल्दोने हळूच एक पाय पाण्यात घातला. मग दोन्ही. एका दुपारी तर पाणी गुडघ्यापर्यंत चढलं आणि तो चक्क हसला.

पण पूर्वी शिकलेलं लक्षात राहायचं. आता प्रत्येक गुरुवारी पहिल्यापासून सुरुवात. पुढच्या हिवाळ्यापर्यंत पाणी पुन्हा घोट्याशी आलं, मग नुसत्या अंगठ्यांशी. वसंत लागता लागता त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये संघातले सगळे संघाची जाकिटं घालून आले होते. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना तिखट लाल रस्सा आणि भात वाढला होता. इन्सुक मालसुनशेजारी येऊन टेकली.

"स्पर्धेचा हट्ट मीच केला, ताई."

"मीही हो म्हटलंच की. दोन घास खा. सकाळपासून उभी आहेस."

समोर चुनबे बसला होता, रिलेत इल्दोच्या आधी पोहणारा. त्याने विचारलं, "गुरुवारी इल्दो येणार?"

"नाही रे," मालसुन म्हणाली.

"त्याच्या पुढच्या?"

"नाही. आता नाही येणार तो."

चुनबेने चमचा खाली ठेवला.

"मग मी भिंतीला हात लावला की उडी कोण मारणार?"

मालसुनने त्याच्या वाटीत भात वाढला. "जेव," एवढंच ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच आवरेना.