स्प्रिंगांची दुसरी सोय

साकीनाक्याच्या त्या कारखान्यात विजेची बटणं बनत. बटण केवढंसं, पण पोटात बारीक स्प्रिंग नसली की नुसतं खोकं. गेल्या पावसाळ्यात स्प्रिंगा वळणारा धोंडू काविळीनं आडवा झाला आणि जुळणीचं टेबल अकरा दिवस रिकामं राहिलं. टेबलावरच्या नऊजणींना चंद्रप्रकाशशेठनी घरी बसवलं. त्यातल्या दोघी परत आल्याच नाहीत.

माल मागवायचं काम वनमालाचं. तिनं ते मनाला लावून घेतलं. एकाच माणसावर विसंबायचं नाही, निम्मा माल दुसऱ्याकडून घ्यायचा, असं तिनं शेठच्या गळी उतरवलं. पण अनोळखी माणसावर भरवसा कसा टाकायचा? मग तिनं धोंडूलाच विचारलं, कुणी खात्रीचा आहे का तुझ्या माहितीत. त्यानं घाटकोपरच्या जयवंतचं नाव सांगितलं. जयवंतचा माल एकसारखा, वेळेवर. वनमाला निर्धास्त झाली.

आणि शिमगा आला.

सोमवारी धोंडूचा माल आला नाही. मंगळवारी जयवंतचाही नाही. ती घाटकोपरला जाऊन बघते तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावच्या पालखीला गेलाय, धोंडूबरोबरच. दोघं एकाच वाडीतले, पालखीला खांदा द्यायचा मान दोन्ही घरांचा. एरवी धोंडू शिमग्याआधी जास्तीचा माल देऊन जाई. यंदा जयवंत देईल म्हणून त्यानं दिला नाही, आणि जयवंतला ती रीतच ठाऊक नव्हती. वनमाला स्वतः राजापूरकडची, शिमग्याला कोकणातला माणूस गावी जातोच हे तिला ठाऊक. दोन पत्ते लिहून घेताना गाव विचारायचं तेवढं तिला सुचलं नव्हतं.

शेठ ओरडले नाहीत. गुरुवारपर्यंत बघतो, शुक्रवारपासून टेबल बंद, एवढंच म्हणाले. टेबलावरची चंपा मात्र जालन्याकडची, तोंडानं फटकळ.

"बाई, तुमच्या देवाच्या पालखीत आमचं टेबलपण घालून न्या की."

बाकीच्या हसल्या. वनमालालाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायला वेळ लागला. घरी तिच्या तान्ह्या लेकीला, मीराला, दात येत होते. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बुधवारी दुपारी ती वाकोल्याला गेली. धोंडूच्या खोलीत एखादा जुना डबा सापडला तर बघावं, एवढीच आशा. दार त्याच्या बायकोनं, रुक्मिणीनं उघडलं. पदराखाली दीड महिन्याचं मूल. एवढं लहान पोर एसटीनं कुठं न्यायचं, म्हणून ती एकटीच मागं राहिली होती.

डबा नव्हता. तारेचं भेंडोळं मात्र होतं, आणि खिडकीपाशी हातानं फिरवायचं ते यंत्र, फडक्यानं झाकलेलं. वनमाला उंबऱ्यातच बसली. टेबल बंद होणार, हे तिनं रुक्मिणीला सांगून टाकलं. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

रुक्मिणीनं एका हातानं यंत्रावरचं फडकं बाजूला ओढलं. मग म्हणाली, "वनमालाताई, वळता मलापण येतं."

"तुला?"

"गिरणीचा संप झाला तेव्हा दोघं एकदमच शिकलो. तुमच्याकडे येतो त्यातला अर्धा माल माझ्याच हातचा. काविळीत हे पडले, तेव्हा मी हिस्पितळात ह्यांच्या उशाशी होते, नायतर तेव्हाच दिला असता." तिनं मुलाकडे बघितलं. "पण हा खाली ठेवला की रडतो. दोन्ही हात लागतात त्या यंत्राला."

वनमालानं हात पुढं केले.

मूल जड नव्हतं, पण गरम होतं, दुधाच्या वासाचं. आधी ते किंचाळलं. वनमाला खोलीत येरझारा घालत राहिली, जशी रात्री मीराला घेऊन घाली. यंत्र करकरत फिरू लागलं, आणि स्प्रिंगा एकेक करून ताटलीत पडू लागल्या. रुक्मिणी मान वर न करता म्हणाली, मूल धरायला रोज कुणी आलं तर हे गावाहून येईपर्यंत टेबलापुरत्या स्प्रिंगा वळून देईन. वनमालानं मनात माणसं मोजली. चंपाला तीन पोरं वाढवायची सवय. उद्या तिलाच इकडे धाडायचं. बाकीच्या सहाजणी टेबल सांभाळतील.

कोपऱ्यावरच्या दुकानातून शेठना फोन करायला हवा होता. घराशेजारच्या द्रौपदीकाकू मीराला सांभाळत होत्या, त्यांना उशीर होईल म्हणून कळवायला हवं होतं. पण मूल नुकतंच निजलं होतं, तिच्या खांद्यावर तोंड टाकून. ती भिंतीला टेकली आणि तशीच उभी राहिली.