घरून आलेली जखम

मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डात कुणी पाहुणा आला की त्याला आधी भिंतीवरचा बोर्ड दाखवायची पद्धत होती. शेवटचा बेडसोअर होऊन किती दिवस झाले, ते त्यावर लिहिलेलं असे. त्या दिवशी आकडा होता चारशे सहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर माकडहाडावर जखम पडते आणि मग ती भरता भरत नाही. ती पडू न देणं ही सगळी नर्सची मेहनत, तिथे डॉक्टरांची हुशारी फारशी कामाला येत नाही. म्हणून सिस्टरांना त्या आकड्याचा भारी तोरा होता. रोज सकाळी जुना आकडा पुसून नवा लिहायच्या कामाला त्या कुणाला हात लावू देत नसत.

आकडा खोटा होता. हे फक्त त्यांना माहीत होतं, आणि गेले नऊ महिने त्यांनी ते स्वतःच्याही फारसं कानावर पडू दिलं नव्हतं.

हॉस्पिटलात तीन दिवसांचं प्रशिक्षण चालू होतं. उपचार किती केले यापेक्षा त्यातून माणसाचं भलं किती झालं ते मोजायचं, कुठे चुकतं ते शोधायचं आणि कामाची पद्धत बदलायची, असा एकंदर विषय. वीसेक नर्सा आणि नवे डॉक्टर वह्या उघडून बसले होते. सकाळचा तास सिस्टरांचा होता, आणि तो त्यांनी नेहमीसारखा गाजवला.

"पेशंट आला की पहिल्या दोन तासांत पाठ बघायची आणि लिहायची," त्यांनी सांगितलं. "नाही बघितली, तर पुढे सापडेल ती जखम आपली. मग घरच्यांकडे बोट दाखवायचं नाही. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं.

त्यानंतर प्रशिक्षण देणारे डॉक्टर म्हणाले, "ज्यांच्यासाठी हे सगळं करतो, त्यांनाही एकदा विचारू या." त्यांनी एका पेशंटच्या घरच्या बाईंना बोलावलं होतं. दार उघडून त्या आत आल्या. चाळिशीच्या, अंगाने किरकोळ, पर्स छातीशी धरलेली. नऊ महिन्यांपूर्वी अकरा नंबरच्या कॉटवर असलेल्या आजोबांची सून. सिस्टरांनी तिला लगेच ओळखलं.

"डॉक्टर म्हणाले, चांगलं-वाईट दोन्ही सांगा," सुनेने सुरुवात केली. "इथलं सगळं चांगलंच होतं. वाईट झालं ते माझ्या हातून, तेच सांगते. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, बोलणंही गेलं. पाच महिने मी त्यांचं सगळं केलं. मला वाटायचं, नीट करतेय. मग छातीत कफ भरला म्हणून इथे आणलं. घरी जाताना जो कागद मिळाला, त्यावर लिहिलं होतं, घरून येतानाच जखम होती. माझ्या नणंदेने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला."

तिने पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"भांडणबिंडण काही झालं नाही. नणंद एवढंच म्हणाली, बाबांना मी नेते. आता मी भेटायला गेले की कुणीतरी खोलीत बसून राहतं. परवा त्यांची कूस बदलायला हात पुढे केला, तर म्हणाली, राहू दे वहिनी. म्हणून म्हणते, घरच्यांना शिकवा. माझ्यासारख्या बाया खूप असतील. त्यांना वाटतं, आपलं लक्ष आहे."

डॉक्टरांनी तिच्या प्रामाणिकपणाचं तोंडभरून कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. सिस्टरांनीही वाजवल्या. लाज म्हणजे काय ते त्यांना त्या टाळ्या वाजवताना कळलं, आणि तरी हात चालूच राहिले.

काय झालं होतं, ते त्यांना तारखेसकट आठवत होतं. शनिवार. दोन नर्सा रजेवर, आजोबांना धाप लागलेली, सगळी धावपळ ऑक्सिजनची. पाठ बघायची राहिली. रविवारीही राहिली. सोमवारी अंग पुसताना माकडहाडावर जखम दिसली, कातडी नुकती सोललेली आणि ओली. केसपेपरवर पाठीची चौकट कोरी होती. त्या आठवड्यात बाहेरची मंडळी वॉर्ड तपासायला येणार होती आणि बोर्डावर आकडा होता एकशे छत्तीस. सिस्टरांनी पेन काढलं, शनिवारची तारीख घातली आणि चौकट भरली. 'घरून येतानाच जखम होती.' चार शब्द. यात कुणाचं काय जातं, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. मलमपट्टी तर तीच होणार होती. हा कागद कुणाच्या तरी घरी जातो आणि तिथेही वाचला जातो, हे वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

चहाची सुटी झाली. सून लिफ्टकडे निघाली होती. तिला जाऊ दिलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. सिस्टर मागे वळून दोन पावलं गेल्यासुद्धा. मग त्यांनाच स्वतःची किळस आली.

"ताई, थांबा जरा."

सून थांबली. सिस्टरांनी सांगितलं. सबबी पुढे करायच्या नाहीत असं ठरवूनही रजेवरच्या नर्सा तोंडात आल्याच. त्या त्यांनी गिळल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "जखम इथे झाली. माझ्या वॉर्डात. लिहिलं मी."

आता ही ओरडेल, असं सिस्टरांना वाटलं. तिने ओरडावं असंही वाटलं. सुनेने मात्र पर्समधून एक वही काढली. वहीला तेलाचे डाग पडले होते. आत रोजच्या तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेखाली वेळा. सहा, आठ, दहा, बारा. डावी कूस, उजवी कूस.

"ही मी रोज लिहायची," ती म्हणाली. "तुमचा कागद बघितल्यावर वाटलं, मीच कंटाळून खोट्या वेळा टाकल्या असतील. आठवायचा खूप प्रयत्न केला. इथे आणलं त्या सकाळी पावडर लावली, तेव्हा पाठ स्वच्छ होती. तशीच होती ना?"

"स्वच्छच असणार," सिस्टर म्हणाल्या. "तुमची वही खरी आहे."

सुनेने वही मिटली.

"मी तुमच्या नणंदेला फोन करते. आत्ता करते."

"फोन नको. तेव्हा कागद वाचला गेला. आता पण कागदच वाचू दे."

सिस्टरांनी वॉर्डातल्या टेबलावर बसून लिहून दिलं. हॉस्पिटलचा शिक्का मारला, सही केली. अक्षर शिकाऊ पोरीसारखं आलं. सुनेने सगळं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'नजरचुकीने लिहिलं गेलं' असं होतं. सिस्टरांनी ते खोडून 'मी लिहिलं' असं केलं आणि शेजारी पुन्हा सही केली.

सुनेने कागदाची घडी घालून वहीत ठेवली. आभार मानले नाहीत, रागावलीही नाही.

"बाबांना ठाऊक होतं," दाराशी जाताना ती म्हणाली. "नणंद वाचत होती, तेव्हा ते माझ्याकडे बघून नुसते मान हलवत होते. नाही, नाही, अशी. सगळ्यांना वाटलं, ते माझ्यावर रागावलेत. मलाही तसंच वाटलं."

ती गेली. सिस्टरांनी उठून बोर्डावरचा चारशे सहा पुसला, पण त्या जागी काही लिहिलं नाही. वर्गात दुसरा तास सुरू व्हायचा होता. त्या आत गेल्या, डॉक्टरांना पाच मिनिटं मागितली आणि सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"सकाळी दोन तासांचा नियम लिहून घेतलात ना," त्या म्हणाल्या. "आता तो मी कसा मोडला, ते लिहून घ्या."