वरच्या दोन दाढा

"दाढ तोंडात असते, कमरेत नाही! वाक आणि पूस!" मुकादम जिन्यावरूनच खेकसला.

मावशीने फडकं पिळलं आणि दात-ओठ खात ती वाकली. वाकलं की डाव्या गालात, वरच्या दाढांच्या मुळाशी कोणी पहार घालून उचकटतंय असं व्हायचं. सोळा वर्षं ती या कचेरीच्या फरश्या पुसत होती. कामचुकार म्हणून कोणी बोट दाखवलं नव्हतं. आता रोज उद्धार.

घरी सून होतीच. "एक काढली, दुसरी काढली, तरी रडगाणं संपेना. नाटकं नुसती!"

दोन्ही दाढा दातांच्या डॉक्टरांनी काढल्या होत्या. "वाकलं की जास्त ठणकतं हो," असं तिने दोन्ही खेपेला सांगितलं. दोन्ही खेपेला ते म्हणाले, "आ करा." तिसऱ्या दाढेला त्यांचा चिमटा लागला, तेव्हा मात्र तिने त्यांचा हात झटकला आणि ती खुर्चीवरून उतरली.

नाक महिनाभर चोंदलेलं होतं, म्हणून ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाल दाबून पाहिला, एक्स-रे फोटो काढायला लावला.

"मावशी, दुखणं दाढेचं नव्हतंच. नाकाशेजारच्या पोकळीत पू साठलाय. तिथली कळ दाढेत येते."

"मग त्या दोन दाढा?"

बाई कागदावर गोळ्या लिहीत राहिल्या.

बारा दिवसांत ठणका गेला. तेराव्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरांपुढे उभी राहिली.

"तुम्हीच म्हणालात ना, दाढ दुखते?" ते म्हणाले.

"मी दुखतंय म्हणाले. कुठून दुखतंय, हे तुम्ही बघायचं होतं."

"हळू बोला. बाहेर पेशंट बसलेत."

"ऐकू दे की त्यांनाही!"

डॉक्टरांनी घंटी दाबली आणि पुढच्याला आत बोलावलं.

त्या संध्याकाळी सगळ्यांची जेवणं आटोपली तरी मावशी उजव्या बाजूने एकेक घास चावत होती. सुनेने भांडी गोळा करता करता तिच्या ताटालाही हात घातला.

मावशीने ताटाची कड घट्ट धरली.

"अजून जेवतेय मी," ती म्हणाली, आणि सावकाश पुढचा घास घेतला.